महत्त्वाकांक्षा आणि स्नेह

आपल्या शाळेच्या वार्षिक अंकाकरिता मराठी विभागात चार शब्द लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा आम्हांस दरवर्षी होते, आणि दरवर्षी आम्ही वेळेचे मोल, वाचनाची गोडी, शुद्धलेखनाची आवश्यकता अशा एखाद्या निरुपद्रवी विषयावर दोन पाने भरून देऊन मोकळे होतो. ती पाने कोण वाचतो हे आम्ही आजवर कोणास विचारले नाही. विचारण्यात थोडा धोका होता. यंदाचा विषय निराळा आहे. एका विद्यार्थिनीच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली. ती चांगल्या हेतूने घडली, शिस्तीचा भाग म्हणून घडली, आणि तिजबद्दल त्या वेळी आमची प्रशंसाही झाली. म्हणूनच ती लिहून ठेवणे अवश्य वाटते. कारण ज्या चुकीची प्रशंसा होते ती पुन्हा करण्याचा मोह शिक्षकास फार असतो.

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेस, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गडचिरोलीच्या सीमेजवळ केशोरी हे गाव आहे. धानाच्या बांध्या, लहानमोठ्या बोड्या, एका अंगास इटियाडोहचे पाणी आणि भोवती जंगल, असा तो मुलूख. त्या बाजूच्या दोन मुली तीन वर्षांपूर्वी आमच्या दहावीच्या वर्गात होत्या आणि वसतिगृहात एकाच खोलीत राहत. नावे सांगण्याचे कारण नाही. एक वर्गात पहिली येणारी. डॉक्टर व्हावयाचे असे तिने पाचवीतच ठरविले होते, व ते ठरविण्यास कारणही होते. पावसाळ्याच्या रात्री घरातील बाळंतीण अडली म्हणजे काय होते हे तिने आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. दुसरी गणितात कच्ची, इंग्रजीत त्याहून कच्ची. पण दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते व रात्रभर नाटके होतात, त्यांतील संवाद तिला असे पाठ असत की तिने ते म्हणू लागावे आणि सारा वर्ग पोट धरून हसावा. खलनायकाचे भाषण ती आमच्या आवाजात म्हणत असे, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले.

या दोघी एका बाकावर बसत. सहामाही परीक्षेत पहिलीचे गुण थोडे उतरले. आम्ही तीस बोलावून घेतले व म्हटले, ‘तुझा पल्ला लांबचा आहे. वाटेत असले ओझे घेऊन चालशील तर पोहोचणार नाहीस.’ तिच्या वडिलांसही आम्ही तेच सांगितले. त्या सरळ गृहस्थाने हात जोडले. दुसऱ्या दिवशी बाक बदलला, आठवड्याभरात वसतिगृहातील खोली बदलली, आणि मंडईच्या दिवसांत सर्व मुले घरी गेली तेव्हा पहिलीस आम्ही अभ्यासाकरिता मागे ठेवून घेतले. ती एक शब्द बोलली नाही. आज्ञाधारक मुलगी होती. दुसरीही काही बोलली नाही. फक्त तिचे संवाद बंद पडले, आणि वर्ग शांत झाला म्हणून आम्हांस समाधान वाटले.

शालान्त परीक्षेत पहिली शाळेत पहिली आली. पेढे वाटले गेले. पुढे दोन वर्षे ती एका मोठ्या शहरी शिकवणीच्या वर्गात होती. गेल्या वर्षी ती नीट परीक्षेस बसली. या परीक्षेस अलीकडे देशभरातून वीस लाखांहून अधिक मुले बसतात. त्यांतील बहुसंख्यांस जागा मिळत नाही हे अंकगणित दुसरीलाही करता आले असते. पहिलीस जागा मिळाली नाही.

पावसाळ्यात एका कामानिमित्त आम्ही त्या बाजूस गेलो असता तिच्या घरी गेलो. मुलगी तेव्हा घरी नव्हती. तिच्या आईने पाणी दिले, आणि मग दाराशी उभी राहून जे सांगितले ते असे. निकाल लागल्यापासून मुलगी आठ दिवस कोणाशी बोलली नाही. बापाने समजूत घातली, मामा येऊन गेले, शिकवणीच्या वर्गातून पुढील वर्षाच्या शुल्काविषयी दोनदा फोन आला. प्रत्येकाने तिला गुणच विचारले: किती कमी पडले, कोणत्या विषयात पडले, पुन्हा बसणार की नाही. नवव्या दिवशी रोवणीवरून परतताना दुसरी तिच्या घरात शिरली. तिच्या पायांचा चिखलही वाळला नव्हता. ती म्हणाली, ‘जेवलीस का वो?’ तेव्हा ती मुलगी रडली, आणि मग जेवली.

केशोरीहून परतताना गाडीत आम्ही काही वाचू शकलो नाही. आमच्या मनात एक जुनी गोष्ट घोळू लागली. ती आम्ही वर्गात गेली वीस वर्षे सांगत आलो आहो, आणि त्या दिवशी प्रथमच असे वाटले की ती आम्ही अर्धीच सांगत होतो. ती गोष्ट डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची.

आमच्या सांगण्याचा नेहमीचा साचा असा असे. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना नावाची मुलगी. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकर, विधुर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, आणि बायकोस शिकवावयाचेच या ध्यासाने पेटलेले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला व दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत असती तर तो वाचता, हे त्या बालमातेच्या मनाने घेतले. अठराव्या वर्षी ती एकटी समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन डॉक्टर झाली. तात्पर्य: मुलांनो, जिद्द धरा. घंटा होई, वर्ग सुटे.

यात असत्य काहीच नाही. परंतु जिद्द ही एकट्याने धरावयाची वस्तू आहे, असा जो अर्थ आम्ही त्यातून काढीत होतो, तो त्या चरित्रात नाही. तेथे आरंभापासून अखेरपर्यंत दुसरी एक स्त्री उभी आहे, आणि तिचे नाव आम्ही कित्येक वर्षे फळ्यावर लिहिलेच नव्हते.

गोपाळराव कोल्हापुरास नोकरीवर असताना त्यांनी, आपल्या पत्नीस अमेरिकेत शिक्षण मिळावे याकरिता, रॉयल वाइल्डर या मिशनरी गृहस्थांस पत्र घातले. वाइल्डर साहेब पूर्वी कोल्हापुरासच काम करीत होते व तेव्हा स्वदेशी परतून मिशनकार्याचे एक मासिक चालवीत होते. त्यांनी ते पत्र छापले आणि त्यासोबत उत्तरही छापले. त्याचा आशय असा की, हे दांपत्य ख्रिस्ती होईल तर मदतीचा विचार करता येईल. आम्ही स्वतः मिशनच्या शाळेत वाढलो, मिशनच्या खर्चाने पदवीधर झालो, आणि आमचे अन्न आजही मिशनच्याच शाळेत शिजते. म्हणून हे वाक्य आम्हांस इतरांहून अधिक बोचते. मदत होती, पण तिला अट होती. पुढे १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नामक बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहात बसल्या असता त्या मासिकाचा अंक त्यांच्या हाती लागला. त्यांनी ते पत्र वाचले. त्या ख्रिस्तीच होत्या, वाइल्डर साहेबांच्याच देशाच्या. पण त्यांनी आनंदीबाईंस पत्र लिहिले ते कोणतीही अट न घालता. आणि तेव्हापासून तीन वर्षे, एकमेकींचे तोंड न पाहता, या दोघी एकमेकींस लिहीत राहिल्या. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या.

त्या पत्रव्यवहारातील एक बारीक गोष्ट पाहण्याजोगी आहे. गोपाळरावांच्या बदल्या होत होत ही जोडी बंगाल्यात आली. तेथे आनंदीबाईंची प्रकृती ढासळली: डोकेदुखी, ताप, अशक्तपणा, कधी श्वास लागणे. कार्पेंटरबाईंनी हे पत्रांतून वाचले आणि अमेरिकेहून औषधे पाठविली. औषधांचा गुण आला नाही. तथापि एकीकडे सातासमुद्रापलीकडची, कधी न भेटलेली बाई तिच्या डोकेदुखीची काळजी वाहते, आणि दुसरीकडे घरातील मनुष्य प्रकृतीची चिंता बाजूस सारून तिला एकटीने जाण्यास उद्युक्त करतो, जगास उदाहरण घालून दे असे सांगतो. दोघांचेही तिच्यावर प्रेम होते असेच आम्ही म्हणू. परंतु एकीच्या प्रेमात ती मुलगी होती. दुसऱ्याच्या प्रेमात ती मुलगी नव्हे, तर तिच्या हातून व्हावयाचे कार्य होते.

गोपाळरावांवर अन्याय करण्याची आमची इच्छा नाही. ज्या काळी नवऱ्याने बायकोशी दिवसा बोलणे हाही अपराध गणला जाई, त्या काळी त्यांनी बायकोच्या हाती पुस्तक दिले; त्यापायी नातलगांची व शेजाऱ्यांची कुचेष्टा सोसली. त्यांच्यावाचून डॉक्टर आनंदीबाई झाल्याच नसत्या, आणि हे आनंदीबाईंनी स्वतः मान्य केले आहे. पण त्याच आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांस लिहिलेल्या पत्रात लहानपणी सोसलेल्या माराची, अंगावर आलेल्या पुस्तकांची व खुर्च्यांची आठवणही स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. अभ्यास सोडून स्वयंपाक केला म्हणून मार खाणारी बायको जगात दुसरी सापडणे कठीण! लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात, आणि आम्हीही सांगत होतो. दहा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर वळ उठला होता हे त्या कौतुकात विसरले जाते. (हेच गोपाळराव पुढे १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहापार्टीमुळे प्रसिद्धीस आले, त्या चहाने साऱ्या पुण्यात कसे वादळ उठविले हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. मनुष्य विलक्षण खरा.)

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी एक इंग्रजी व्याख्यान दिले. हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातील नव्हे, कलकत्त्याजवळचे. केरी साहेबांनी आपल्या मराठी भाषेचे व्याकरण तेथूनच १८०५ साली प्रसिद्ध केले, हे जाताजाता सांगून ठेवतो. या व्याख्यानात अमेरिकेस का जाते, एकटी का जाते, येथेच का शिकत नाही, अशा प्रश्नांची उत्तरे त्या अठरा वर्षांच्याही न झालेल्या मुलीने भर सभेत दिली. आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदूच राहीन, हेही सांगितले. सभेत देशी लोक होते तसे युरोपियनही होते. ज्या मिशनरी संस्थेच्या दिवाणखान्यात ती उभी होती तेथेच हे बोलण्याचे धैर्य तिला होते, आणि तिचे म्हणणे ऐकून घेण्याचे सौजन्य त्या दिवाणखान्यास होते. आम्हांस दोन्ही गोष्टी सारख्याच मोलाच्या वाटतात.

एप्रिल महिन्यात त्या जहाजावर चढल्या, जून महिन्यात न्यू यॉर्कला उतरल्या, आणि तेथे त्यांस उतरवून घेण्यास मावशी हजर होत्या. तो उन्हाळा त्यांनी रोझेलच्या घरी काढला. मग फिलाडेल्फियाचे महाविद्यालय. तेथील प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांस आधार दिला. तरीपण खोलीतील शेगडी अशी होती की पेटवावी तर धूर कोंडे आणि न पेटवावी तर थंडी सोसवेना. शाकाहार सोडावयाचा नाही, लुगडे सोडावयाचे नाही. आणि अभ्यास तर कोणालाच सोडीत नाही. प्रकृती आधीच खचलेली. क्षयाने तेथेच घर केले.

१० ऑक्टोबर १८८५ या दिवशी काढलेले एक छायाचित्र आज पुष्कळांनी पाहिले असेल. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोषाखात बसल्या आहेत: आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी तीन खंडोपखंडांतून आलेल्या. कोणाचीही मातृभाषा दुसरीस कळत नव्हती. विद्यार्थ्यांनी या चित्राकडे जरा वेळ पाहावे असे आम्ही सुचवितो. त्या महाविद्यालयात तिघींपुढे तोच अवघड अभ्यास आणि त्याच परीक्षा होत्या. आजच्या शिकवणीच्या वर्गातील भाषेत बोलावयाचे तर त्या एकमेकींच्या ‘स्पर्धक’ होत्या. चित्रात तसे काही दिसत नाही.

पदवीदानाच्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. रमाबाई तोवर ख्रिस्ती झाल्या होत्या, आनंदीबाई हिंदू राहिल्या होत्या. नाते व स्नेह यांस त्याची अडचण झाली नाही. गोपाळरावही आदल्या वर्षीच अमेरिकेस पोहोचले होते. कोल्हापूर संस्थानने आनंदीबाईंस आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे काम देऊ केले. त्या १८८६ च्या अखेरीस स्वदेशी परतल्या, परंतु ते काम त्यांच्या हातून व्हावयाचे नव्हते. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्ष पुरे होण्यास एक महिना उरला होता. एकाही रुग्ण स्त्रीची नाडी त्यांनी त्या रुग्णालयात पाहिली नाही.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यू यॉर्क प्रांतातील पकीप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या आजही आहेत. गोपाळरावांच्या साऱ्या तिरसट आयुष्यात हा एक निर्णय असा आहे की तो वाचून आम्हांस त्यांच्याविषयी माया वाटते. ही मुलगी कोठे सुखात होती हे अखेर त्यांस कळले होते, असे आम्ही समजतो. हा आमचा तर्क आहे. पुरावा मागू नये.

आता केशोरीकडे वळू. ‘आमच्या त्या मुलीत व आनंदीबाईंत काय साम्य?’ असे कोणी विचारील. साम्य मुलींपेक्षा त्यांच्याभोवतीच्या माणसांत आहे. मुलीची महत्त्वाकांक्षा तिची स्वतःची होती, आणि ती शुद्ध होती. परंतु आम्ही, तिचे वडील, तिचे मामा, शिकवणीचे वर्गवाले, असे सर्वजण मिळून तिच्याभोवती गोपाळरावांची एक समिती झालो होतो. आम्ही तिला मारले नाही. आता शाळेत मारता येत नाही आणि ते योग्यच आहे. पण तिच्याकडे पाहताना आम्हांस तिचा शाळेच्या फलकावर रंगवावयाचा क्रमांक दिसत होता. आणि तिच्याकडे पाहिल्यावर जिला तीच दिसत होती, तिलाच आम्ही ओझे म्हटले आणि उचलून दुसऱ्या बाकावर नेऊन ठेवले.

महत्त्वाकांक्षी विद्यार्थ्यांस आपण नेहमी तराजूची उपमा देतो: एका पारड्यात अभ्यास, दुसऱ्यात मित्र, एक वर जाईल तर दुसरे खाली. वेळेपुरते हे खरे आहे. रात्रीचे दोन तास गप्पांत गेले तर ते भूमितीस मिळत नाहीत, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मंडईचे नाटक पाहणाऱ्यास आम्ही आजही रागावू. परंतु वेळेचा हिशेब निराळा आणि माणसांचा निराळा. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील दावीद व योनाथान यांची कथा आपल्या प्रार्थनासभेत पुष्कळदा वाचली जाते. दावीद मेंढरे राखणारा तरुण, पुढे राजा होणारा. योनाथान राजपुत्र, सिंहासनाचा हक्कदार. हिशेबाने पाहिल्यास या दोघांत वैर असावयाचे. योनाथानाने आपला झगा, तलवार व धनुष्य काढून त्यास दिले. दावीदाने ते घेतले, याकडे आम्ही पूर्वी लक्ष दिले नव्हते. पुढे जाणाऱ्याने मित्राकडून घेणे, आणि घेतल्याचे स्मरण ठेवणे, हे देण्याइतकेच कठीण आहे. दावीदाने ते स्मरण पुढे राजा झाल्यावर योनाथानाच्या पंगू मुलास आपल्या पंक्तीस बसवून पाळले.

आमच्या पहिल्या क्रमांकाच्या मुलांस हे शिकविलेच जात नाही. त्यांस वाटते की आपण कोणाचे काही घेत नाही, सर्व आपले आपणच करतो. मग पडण्याची वेळ आली की हात पुढे करणे जमत नाही. कारण हात पुढे करणे हे हरणे, असे त्यांच्या मनात आपणच भरविलेले असते.

प्रेम या शब्दाविषयीही दोन वाक्ये लिहिली पाहिजेत, नाही तर वरच्या वर्गातील मुले म्हणतील की लेखकाने नेमका तोच भाग गाळला. सोळासतराव्या वर्षी मन कोणाकडे ओढ घेते. आमच्या विद्यार्थिदशेत चिठ्ठ्या सापडत. आता मोबाईलवर संदेश सापडतात. शिक्षकांच्या खोलीत त्यावर जो गहजब होतो त्यात आम्ही सामील होत आलो आहो. आता इतकेच म्हणावेसे वाटते की, त्या ओढीस पाप म्हणून मुलास घाबरवू नये, आणि तिलाच सर्वस्व समजून मुलाने वह्या फेकू नयेत. आनंदीबाईंस निवडण्याची मुभा नव्हती. नवव्या वर्षी कोण निवडणार? आजच्या मुलीस कायद्याने ती मुभा आहे, म्हणून तिने थोडे थांबून एक गोष्ट पाहावी. ज्यास आपण आवडतो असे तो म्हणतो, त्याला आपण आजारी पडलेल्याही चालतो का? नापास झालेल्या चालतो का? ‘आज भेटू नको, उद्या पेपर आहे’ असे म्हटल्यास तो रुसतो की घरी जाऊन स्वतःही अभ्यासास बसतो? आईबापांच्या प्रेमासही हीच कसोटी लावता येते, आणि मुले ती मनातल्या मनात लावीतच असतात. पालकांस ते कळत नाही इतकेच. निकालाच्या दिवशी बापाच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, हे मूल जन्मभर विसरत नाही.

पालकांपैकी काहीजण हे वाचून म्हणतील की, असे लिहिणे सोपे आहे. गरिबाच्या मुलास एकच संधी असते, आणि ती सुटली तर मैत्री काही भात शिजवीत नाही. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. आम्ही स्वतः अशाच घरातून आलो. एका एकराच्या धानावर मुलीस शहरी ठेवणाऱ्या बापाने तिची काळजी करू नये, असे कोण म्हणेल? पण ज्याच्या गाठी पैसा नाही त्याच्या मुलीपाशी दुसरे असते तरी काय? शेजार असतो, मैत्रीण असते. रोवणीच्या दिवसांत आपण एकमेकांच्या बांधीत उतरतो; एकट्याने आपल्याच बांधीत वाकून राहणाऱ्याचे पऱ्हे वेळेवर लागत नाहीत. शेतात जे आपणांस कळते ते शाळेच्या फाटकातून आत शिरताच आपण विसरतो, आणि विसरावयास शिकविणारे आम्ही.

पहिली मुलगी यंदा घरीच अभ्यास करीत आहे. येत्या मे महिन्यात ती पुन्हा परीक्षेस बसणार. दुसरी कला शाखेत शिकते. संध्याकाळी ती जीवशास्त्राचे पुस्तक हाती घेऊन प्रश्न वाचते व पहिली उत्तरे देते. पुस्तक इंग्रजी, त्यातील लॅटिन नावे दुसरीस वाचता येत नाहीत. ती जशी वाचते त्यावरून पहिलीस ती नावे कायमची पाठ होतात, असे तिची आई सांगत होती. निकाल काय लागेल ते परमेश्वर जाणे. या लेखातील म्हणणे त्या निकालावर अवलंबून नाही, आणि तो काहीही लागला तरी आम्ही येथील एक अक्षर बदलणार नाही.

आमच्या वर्गात यंदा बाक बदलण्याविषयी निराळा नियम आहे. अभ्यासात फार मोठे अंतर असलेल्या दोन मुलांस आम्ही तेवढ्या कारणावरून वेगळे करीत नाही. त्यांतील एक जोडी अतिशय बडबडी असून तिच्याविषयी इतर विषयांच्या शिक्षकांच्या तक्रारी आहेत. तक्रारी खऱ्या आहेत. आम्ही त्या ऐकून घेतो.

केशोरीहून निघण्यापूर्वी आम्ही दुसरीच्या घरीही गेलो होतो. ती शेतात होती. निरोप धाडल्यावर धुऱ्यावरून येऊन पदराने तोंड पुसत उभी राहिली. तीन वर्षांपूर्वी तुला त्या बाकावरून उठविले ते चुकले, असे आम्ही तीस म्हटले. शिक्षकाने असे काही म्हणावे याची तिला सवय नसावी. ती थोडा वेळ पायांकडे पाहात राहिली, आणि मग हसून म्हणाली, ‘त्याच्यात का झाला जी? तिचा नंबर त आला ना!’ बांधीतल्या बाया तिला हाका मारीत होत्या. आकाश भरून आले होते आणि पऱ्ह्याच्या पेंड्या अजून पुष्कळ उरल्या होत्या, म्हणून ती गेली.